शब्दाखालचे ठिपके

मुद्रितशोधनाच्या जवळजवळ सगळ्या खुणा काहीतरी करायला सांगतात. हे काढा, ते घाला, शब्द जोडा, ओळ आत घ्या. एकच खूण 'काही करू नका' म्हणते, ती म्हणजे 'स्टेट'. बँकेशी तिचं नातं नाही. शब्द लॅटिन, अर्थ 'राहू द्या'. खोडलेला शब्द ठेवायचा ठरलं, तर त्याखाली ठिपक्यांची ओळ काढायची आणि समासात 'स्टेट' लिहायचं. ब्रिटिश मानकाने 1976 मध्ये समासातल्या या शब्दाऐवजी वर्तुळातली बरोबरची खूण आणली, ठिपके मात्र राहिले. आपल्याकडे समासात 'मूळ ठेवा' लिहिलं तरी जुळाऱ्याला कळतं.

या खुणेला एकच अट आहे: खोडलेलं वाचता आलं पाहिजे. आपले पोथी लिहिणारे राहून गेलेलं अक्षर काकपदाची खूण करून भरत आणि चुकलेल्यावर पिवळा हरताळ फासत. हरताळ बसला की अक्षर झाकलंच; आपला वाक्प्रचारही तिथलाच. मुरलेला मुद्रितशोधक म्हणून एकच बारीक रेघ मारतो, शब्द गिरवून काळा करत नाही. उद्या आपलंच चुकलेलं निघेल, एवढी जागा तो ठेवतो.

सर्वांत जास्त ठिपके पडतात ते संवादांत. वऱ्हाडी बाई म्हणते, "पानी आन वं माय." शोधक इमानाने 'पाणी आण' करतो आणि बाई एका फटक्यात सदाशिव पेठेत राहायला जाते. लेखक दोन्ही 'न'खाली ठिपके देतो. शोधकाचा यात आळस नसतो, उलट नियम त्याला पाठ असतात. पण साहित्य महामंडळाच्या नियमांतही पात्राच्या तोंडच्या बोलीला मुभा आहेच. 1962 चे ते नियम, 1972 मध्ये त्यांत भर पडली. केशवसुतांपूर्वीचं पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचं गद्य मुळाप्रमाणे छापावं, असंही ते सांगतात. म्हणजे नियमानेच दिलेलं 'स्टेट'! खुद्द या दोघांचं लेखन मात्र नव्या नियमांनी छापायचं. 1874 ची 'निबंधमाला' अनुस्वार उतरवून वाचायची, हे मला कधीच पटलं नाही. तिथेही ठिपके हवे होते.

संगणकावर बदलांची नोंद ठेवण्याची सोय आहे. बदल नाकारायचं बटणही आहे. पण फाईल लेखकाकडे येते ती बहुधा सगळे बदल स्वीकारून, स्वच्छ होऊन. खोडच दिसत नाही, तर ठिपके कशाखाली द्यायचे? मग मूळ प्रत शेजारी ठेवून ओळन्‌ओळ ताडायची आणि 'आन'चं 'आण' झालंय, असं फोन करून सांगायचं. पलीकडचा तरुण आवाज नम्रपणे विचारतो, "सर, दोन्ही सारखंच ना?"