अरुंद गर्भाशयमुखाचा डोळस इलाज

ज्या पुण्यात 2017 च्या मे महिन्यात डॉ. शैलेश पुणतांबेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी मातेचे गर्भाशय कन्येच्या उदरात रोपण करण्याची भारतातील पहिली शस्त्रक्रिया केली, आणि पुढील वर्षी त्याच गर्भाशयातून एक बालिका जन्मास आली, त्या पुण्याने आता एका साध्या परंतु उपेक्षित व्याधीची दखल घ्यावी, असे मला आग्रहाने सांगावयाचे आहे. ही व्याधी म्हणजे गर्भाशयमुखाचा संकोच, बायकांच्या बोलीत पिशवीचे तोंड आवळणे. ऋतुनिवृत्तीनंतर तेथील ऊती आक्रसतात, मुखावरील शस्त्रक्रियेचा व्रण आवळतो, क्युरेटिंगनंतर भिंती परस्परांस चिकटतात. मग पाळीचे रक्त आत तुंबून कळा येतात, कधी पू साचतो, आणि अपत्याची आस धरलेल्या स्त्रीच्या गर्भाशयात भ्रूण सोडणारी बारीक नळीही शिरत नाही. पाळी गेल्यावर रक्तस्राव झाला, तर कर्करोगाच्या शंकेने अस्तराचा नमुना घेणे अगत्याचे असते, आणि नेमकी तेव्हाच वाट बंद असते.

यावरचा जुना इलाज म्हणजे क्रमाने जाड होत जाणाऱ्या धातूच्या शिगा हाताच्या अंदाजाने आत लोटणे. या रीतीत शीग भलताच मार्ग पाडू शकते, प्रसंगी गर्भाशयाची भिंतही भेदते. याउलट काही मिलिमीटर जाडीची दुर्बीण सलाईनच्या प्रवाहाने वाट फुलवीत पुढे जाते, आणि पडद्यावर दिसणारे चिकटलेले पापुद्रे वैद्य बारीक कात्रीने सोडवितो. इटलीतील डॉ. बेतोकी यांनी चिमटा वा योनिमार्ग उघडा धरणारा स्पेक्युलम न लावता दुर्बीण नेण्याची रीत रूढ केल्यापासून कित्येक स्त्रियांना भूलही द्यावी लागत नाही. पँटालिओनी नावाच्या वैद्याने तर 1869 सालीच साठीच्या एका स्त्रीच्या गर्भाशयात डोकावून रक्तस्राव करणारा मांसांकुर पाहिला होता. तेव्हा हे नवलाईचे खूळ नव्हे.

मुख पुन्हा आवळू शकते, आणि या कामास सराईत हात लागतो, हे खरेच. परंतु म्हणूनच हे कौशल्य केवळ पैसेवाल्या रुग्णांच्या वाट्याला जाऊ नये. सरकारी ससून रुग्णालयात आणि महापालिकेच्या कमला नेहरू रुग्णालयात ही दुर्बीण, तिची साधने व ती चालविणारे प्रशिक्षित हात सदैव उपलब्ध राहतील, अशी तजवीज अंदाजपत्रकातच असावी. आणि ज्या भगिनीला केवळ वाट बंद आहे म्हणून पिशवीच काढण्याचा सल्ला मिळाला असेल, तिने होकार देण्यापूर्वी दुर्बिणीतून पाहणे शक्य आहे काय, हे निःसंकोच विचारावे.