बागेत कांदा का नको?

दरवर्षी स्नेहसंमेलन जवळ आले की आपल्या प्रवेशद्वारापाशी विकतच्या फुलझाडांच्या कुंड्या मांडल्या जातात. पाहुणे येतात, फोटो निघतात आणि उन्हाळा लागायच्या आत कुंड्यांत नुसत्या काड्या उरतात. मित्रहो, तेथल्या दोन वाफ्यांत येत्या कार्तिकात कांदे लावावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. हसणाऱ्यांनी खुशाल हसावे!

आपल्यापैकी कित्येकांना श्रीनगरच्या ट्यूलिपचे आकर्षण. शरदात कंद पुरावा, वसंतात फूल पाहावे, ही कल्पना आहेच काव्यमय. परंतु त्या कंदाला तीन-चार महिन्यांची कडक थंडी लागते. नायगावच्या पौषात ती कोठून आणायची? आपल्या हवेला मानवणारा कंद घरोघरी ओसरीवर पोत्यात पडलेला आहे.

बियाण्याचा कांदा अश्विन-कार्तिकातच लावतात. चांगला पोसलेला कांदा निवडून त्याचा वरचा तिसरा हिस्सा कापायचा, म्हणजे आत एकच डोळा आहे की जोड, ते कळते. मग बुरशीनाशकात बुडवून लावायचा. आपल्या काळ्या जमिनीत पाणी साचले की तो कुजतो, म्हणून वाफा उंच हवा. थंडीने आतला कोंब फुलाकडे वळतो आणि माघाच्या सुमारास दांड्यावर पांढरा गोंडा येतो. एकेका गोंड्यात शेकडो फुले! खायच्या कांद्यात हाच दांडा आला की शेतकरी ‘डेंगळा’ म्हणून त्याला शिव्या घालतो.

प्रश्न नुसत्या शोभेचा नाही. कांद्याच्या बियाची उगवणशक्ती वर्षभरात झपाट्याने उतरते. ते फार काळ साठवता येत नाही. २०२० च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारला या बियाण्याची निर्यात बंद करावी लागली होती. ज्याला घरचे बी धरता येते तो दुकानदाराच्या उधारीतून थोडा तरी सुटतो. आणि आपण, बहुतेक शेतकऱ्यांचीच मुले, बी धरायला विसरत चाललो आहोत. शिवाय हे बी मधमाशीवाचून नीट भरत नाही. फुलातले पराग आधी पिकतात, स्त्रीकेसर मागाहून. तेव्हा एका फुलाचे पराग दुसऱ्यावर कोणीतरी न्यावे लागतात. ऐन फुलोऱ्यात कीटकनाशक फवारले की माशी जाते आणि गोंडे पोचट राहतात. हे डोळ्यांनी पाहावे असे मला वाटते.

कलाशाखेचा याच्याशी संबंध काय, असे एका सरांनी विचारले. सर, सावता माळ्यांवर आम्ही परीक्षेत टिपा लिहितो, त्यांचा मळा अरणला होता हेही लिहितो; मळ्यात मात्र पाय ठेवायचा नाही, हे कसे?

हिशेबही जुळतो. प्रथम वर्षाच्या कार्तिकात बी टाकले तर चैत्रात कांदा. तो पावसाळाभर हवेशीर जागी राखून द्वितीय वर्षाच्या कार्तिकात पुन्हा जमिनीत लावायचा, आणि पुढच्या चैत्रात बी हाती. पदवीच्या आत सारे होते. येणाऱ्या कार्तिकापुरते कांदे मी घरून आणीन. पाण्याच्या पाळ्या तेवढ्या ठरवायच्या आहेत. सोमवार आणि गुरुवार माझ्याकडे.