विश्लेषण : हाताने घडवलेल्या वस्तूंसाठी नवी मुंबईत आठवडी बाजार का हवा?

दिवाळी जवळ आली की वाशी, नेरुळ, सीवूड्स, खारघरमधल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर प्रदर्शनांच्या जाहिराती फिरू लागतात. क्रोशाच्या पिशव्या, टेराकोटाचे दागिने, रंगवलेल्या पणत्या, वारली चित्रे, गोधड्या. लोक येतात, कौतुक करतात, खरेदीही करतात. तरीही या टेबलांमागचे काही चेहरे दोन-तीन हंगामांनंतर दिसेनासे होतात. त्यांचे कसब कमी पडलेले नसते. विकायला बसण्याची जागा त्यांना परवडत नाही. या प्रश्नावर उपाय आहे आणि तो फार महागही नाही.

अडचण नेमकी काय?

नवी मुंबई हे आखून वसवलेले शहर आहे. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि पुढे सेक्टरनिहाय घरे, दुकाने, शाळा, बाजार, उद्याने आखली गेली. मात्र घरच्या खोलीत वस्तू बनवून विकणाऱ्यासाठी या आखणीत जागा नाही. त्याला वर्षभर दुकान चालवायचे नसते. त्याच्याकडे महिन्याला तीस-चाळीस वस्तू तयार होतात. त्या विकायला महिन्यातले दोन-चार दिवस एक टेबल मिळाले तरी पुरते.

नेमके हे टेबलच आज खासगी आयोजकाकडून घ्यावे लागते. हॉलचे भाडे, मंडप, जाहिरात आणि आयोजकाचा नफा हे सगळे त्या टेबलाच्या भाड्यात येते. गर्दी जमो वा न जमो, भाडे आगाऊ भरलेले असते. धोका सगळा विकणाऱ्याचा.

एका पिशवीचा हिशोब काय सांगतो?

पुढचे आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. तुम्ही स्वतः काही बनवत असाल तर तिथे स्वतःचे आकडे घालून पाहा.

समजा, क्रोशाच्या एका पिशवीची किंमत ६०० रुपये आहे. दोरा, अस्तर आणि वेष्टन मिळून २०० रुपये लागतात. म्हणजे पिशवीमागे ४०० रुपये उरतात. दोन दिवसांच्या प्रदर्शनात टेबलाचे भाडे ५,००० रुपये आणि ने-आण, जेवणखाण यांचे १,००० रुपये धरले तर खर्च झाला ६,००० रुपये. तो भरून निघायला १५ पिशव्या विकाव्या लागतात. पंधरावी पिशवी विकली जाईपर्यंत घरी एक रुपयाही जात नाही.

तीस पिशव्या विकल्या गेल्या तर हातात ६,००० रुपये राहतील. पण एक पिशवी विणायला सहा तास लागत असतील तर तीस पिशव्यांचे १८० तास होतात. प्रदर्शनात बसण्याचे २० तास धरले तर एकूण २०० तास. म्हणजे तासाला ३० रुपये. आणि बाराच पिशव्या विकल्या गेल्या तर १,२०० रुपये पदरचे जातील.

आता हेच टेबल ५०० रुपयांत मिळाले असे समजा. बाकी काहीही बदलू नका. चौथ्या पिशवीला खर्च वसूल होतो. तीस पिशव्या गेल्या तर १०,५०० रुपये हातात येतात, म्हणजे तासाला साडेबावन्न रुपये. हीदेखील काही फार मोठी मजुरी नव्हे. पण माणूस पुढच्या महिन्यात पुन्हा सुई हातात घेईल की नाही, हे ठरवायला एवढा फरक पुरतो.

अर्बन हाट आहे, मग ते पुरेसे का नाही?

सीबीडी बेलापूरला सिडकोचे अर्बन हाट आहे. १९९४ मध्ये सुरू झालेल्या ‘दिल्ली हाट’च्या धर्तीवर केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाने शहरोशहरी अशी हाटे उभारण्याची योजना आणली. देशभरातील विणकर आणि कारागिरांना आळीपाळीने, ठरावीक दिवसांसाठी गाळे द्यायचे आणि त्यांचा माल थेट शहरी ग्राहकापर्यंत न्यायचा, ही त्यामागची कल्पना. ती चांगलीच आहे. दूरवरून आलेल्या विणकराला बेलापुरात हक्काचे ठिकाण मिळते.

पण ऐरोलीत राहून, मुलांच्या शाळा सांभाळून दागिने घडवणाऱ्या बाईची गरज वेगळी आहे. सलग कित्येक दिवस, दिवसभर बेलापूरला बसणे तिला जमत नाही आणि तेवढा मालही तिच्याकडे नसतो. दोन मोठ्या पिशव्या घेऊन लोकलने जायचे म्हणजे बराच वेळ प्रवासातच जातो. तिला घरापासून रिक्षाच्या अंतरावर, एका दिवसापुरते टेबल हवे आहे. एक मोठे हाट ही गरज भागवू शकत नाही. त्यासाठी प्रत्येक नोडमध्ये छोटा बाजार लागेल.

सरकारी योजनांत हे कलाकार बसतात का?

काही बसतात, काही नाही. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत. त्यात कुंभार, मूर्तिकार, टोपल्या-चटया विणणारे, बाहुल्या व खेळणी बनवणारे, शिंपी आणि मासेमारीची जाळी विणणारेही आहेत. पात्र कारागिराला अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि दोन टप्प्यांत मिळून तीन लाख रुपयांपर्यंतचे विनातारण कर्ज पाच टक्के व्याजाने मिळू शकते. दिवाळे, सारसोळे, करावेसारख्या कोळीवाड्यांतल्या जाळी विणणाऱ्यांनी ही योजना जरूर पाहावी.

मात्र क्रोशा, मॅक्रमे, रेझिन किंवा कागदाच्या वस्तू या यादीत नाहीत. केंद्राच्या विकास आयुक्त (हस्तकला) कार्यालयाकडून मिळणारे ‘पहचान’ ओळखपत्र हा दुसरा मार्ग. ज्यांची कला त्यांच्या व्याख्येत बसते त्यांनी ते घ्यावे, कारण सरकारी प्रदर्शनांत ते उपयोगी पडते. उद्यम नोंदणी तर कोणत्याही सूक्ष्म उद्योगाला करता येते आणि सरकारी पोर्टलवर ती पूर्णपणे मोफत आहे. त्यासाठी कुणी एजंट पैसे मागत असेल तर देऊ नका.

या योजनांतून कर्ज, अवजारे आणि कागद मिळतात. पण शनिवारी दुपारी माल मांडून कुठे बसायचे, या प्रश्नाचे उत्तर त्यात नाही.

फेरीवाला म्हणून परवाना मिळू शकतो का?

२०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार प्रमाणपत्र घेताना उपजीविकेचे दुसरे साधन नसल्याचे लिहून द्यावे लागते. नोकरी सांभाळून कुंभारकाम करणारा तरुण हे लिहून देऊ शकत नाही. आणि तसे असणे योग्यच आहे. ज्याचे पोट रोजच्या पथारीवर चालते त्याच्या वाट्याची जागा दुसऱ्याने घेऊ नये. शिवाय हा कायदा रेल्वेच्या हद्दीत लागू होत नाही, त्यामुळे स्थानकाचा आवारही त्यातून सुटतो.

म्हणजे हा कलाकार दुकानदार नाही, फेरीवाला नाही आणि अनेकदा योजनेच्या यादीतला ‘पारंपरिक कारागीर’ही नाही. तिन्ही रकान्यांच्या मधल्या रेषेवर तो उभा आहे.

ऑनलाइन विक्री हा पर्याय नाही का?

पूरक पर्याय आहे, पण पुरेसा नाही. नियम मात्र पूर्वीपेक्षा सोपे झाले आहेत. वस्तूंच्या विक्रीसाठी जीएसटी नोंदणीची सर्वसाधारण मर्यादा वार्षिक ४० लाख रुपये उलाढालीची आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून या मर्यादेखालील विक्रेत्याला ई-कॉमर्स कंपनीमार्फत राज्यांतर्गत विक्री जीएसटी नोंदणीशिवाय करता येते. त्यासाठी पॅन आणि पोर्टलवर मिळणारा नावनोंदणी क्रमांक लागतो. पण त्याच कंपनीमार्फत परराज्यात माल पाठवायचा असेल तर नोंदणी करावी लागते. अधिसूचनेतील यादीतल्या हस्तकला वस्तू स्वतः थेट परराज्यात विकणाऱ्यांना, ठरावीक अटींवर, २० लाखांपर्यंत सवलत आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून अनेक हस्तकला वस्तूंवरील कर १२ वरून पाच टक्क्यांवर आला, हेही चांगले झाले.

तरी अडचण उरतेच. मोबाइलच्या पडद्यावर हाताने विणलेली पिशवी आणि कारखान्यातली पिशवी शेजारी शेजारी दिसतात. दोन्हींचे छायाचित्र सारखेच छान. किंमत मात्र तिप्पट. वीण हातात घेऊन पाहिल्याशिवाय हा फरक कळत नाही. त्यात कंपनीचे कमिशन, कुरिअर आणि परत आलेल्या मालाचा खर्च असतो. एकदा समोरासमोर घेतलेला ग्राहक पुढे फोनवरून मागणी नोंदवतो, हे खरे. पण ती पहिली भेट कुठेतरी व्हावी लागते.

आठवडी बाजारच का?

कारण ही आपल्याच मातीतली व्यवस्था आहे. आठवड्याचा एक वार ठरलेला असतो, जागा ठरलेली असते, त्यामुळे जाहिरात लागत नाही. ‘पुढच्या शनिवारी या, तुमच्या मापाचे आणून ठेवते’ असे म्हणता येते. चार महिन्यांतून एकदा भरणाऱ्या प्रदर्शनात ओळखीचा ग्राहक तयार होत नाही.

राज्याने हे शेतकऱ्यांसाठी करून दाखवले आहे. २०१६ मध्ये पणन मंडळामार्फत संत शिरोमणी सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजार अभियान सुरू झाले आणि शहरांतल्या मोकळ्या जागांवर शेतकऱ्याला थेट ग्राहकासमोर बसता आले. भाजीला जो न्याय लावला तो गोधडीला लावायला हरकत काय?

बाहेरचे उदाहरणही आहे. अमेरिकेतील पोर्टलंड शहरात १९७४ पासून ‘सॅटरडे मार्केट’ भरतो. तिथला मूळ नियम असा, की ज्याने वस्तू बनवली त्यानेच ती विकायला बसायचे. दोन कलाकार स्त्रियांनी सुरू केलेला हा बाजार पन्नास वर्षांहून अधिक काळ टिकला आहे.

नवी मुंबईत जागेचा तुटवडा नाही. समाजमंदिरे आहेत, उद्यानांबाहेरचे मोकळे चौक आहेत, सिडकोने बांधलेल्या रेल्वे स्थानकांचे प्रशस्त आवार आहेत. रेल्वेची २०२२ पासूनची ‘एक स्थानक एक उत्पादन’ योजना स्थानिक मालाला स्थानकात जागा देते, म्हणजे तत्त्व मान्यच आहे. अडचण आहे ती जबाबदारीची. ऐरोली ते बेलापूर नवी मुंबई महापालिका, खारघरला २०१६ मध्ये स्थापन झालेली पनवेल महापालिका, बऱ्याच जागा सिडकोच्या, स्थानके रेल्वेची. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवू शकतो. म्हणून सुरुवात महापालिकेने आपल्याच ताब्यातील जागांपासून करावी. एका नोडमध्ये एक शनिवार, ४० टेबले, नाममात्र भाडे आणि सर्वांसमोर चिठ्ठ्या टाकून वाटप, एवढ्याने वर्षभर प्रयोग करून पाहावा.

घाऊक माल ‘हातचा’ म्हणून विकला तर?

ही भीती खरी आहे. स्वस्त टेबल दिसले की घाऊक बाजारातून माल आणून ‘हॅण्डमेड’ची चिठ्ठी लावणारे येतीलच. असे चार जण घुसले की उरलेल्यांचा भाव पडतो. त्यावर तीन साधे नियम पुरे. बनवणाऱ्यानेच बसायचे, टेबलावर बसून काम करून दाखवायचे आणि निवड समितीत कलाकारांचेच प्रतिनिधी असायचे. क्रोशा विणणारी बाई दुसरीच्या हातची वीण आणि यंत्राची वीण क्षणात ओळखते. त्यासाठी अधिकाऱ्याची गरज नाही.

दुकानदारांची हरकतही ऐकली पाहिजे. ते महिनाभर भाडे आणि कर भरतात. पण आठवड्यातून एक दिवस, तेही दुकानात न मिळणाऱ्या वस्तूंचा बाजार भरला तर त्या भागातली वर्दळ वाढते आणि तिचा फायदा शेजारच्या चहावाल्यापासून स्टेशनरीवाल्यापर्यंत सगळ्यांना होतो.

ग्राहकाची काही जबाबदारी आहे का?

आहे. ‘ऑनलाइन तर दोनशेला मिळते’ हे वाक्य टेबलापाशी म्हणण्याआधी ती वस्तू बनवायला किती वेळ लागला, एवढे विचारावे. परवडत नसेल तर न घेता पुढे जाण्यात काही वावगे नाही. पण घ्यायचीच असेल तर सहा तासांच्या कामाचा भाव अर्धा करू नये. तशी घासाघीस आपण दातांच्या डॉक्टरकडे करत नाही.

हा प्रश्न केवळ काही बायकांच्या ‘छंदा’चा नाही. घराबाहेर पूर्णवेळ नोकरी करू न शकणारी गृहिणी, निवृत्त झालेला चित्रकला शिक्षक, कला महाविद्यालयातून नुकतीच बाहेर पडलेली मुलगी, यांच्यासाठी ती स्वतःची कमाई आहे. ती पाच हजार असो की दहा हजार, घरात त्या पैशाने त्या माणसाचे स्थान बदलते. नवी मुंबईत आता विमानतळही सुरू झाला आहे. एवढ्या मोठ्या शहराला शनिवारची चाळीस टेबले जड जाऊ नयेत.