भीती फवाऱ्याची, लोभ मलमाचा

गेल्या पावसाळ्यात आमच्या आप्पांना दम्याचा जोराचा झटका आला. डॉक्टरांनी रोज दोन वेळा ओढायचा फवारा सहा महिन्यांपूर्वीच लिहून दिला होता. पण "त्यात स्टेरॉइड असतंय, एकदा लागलं की सुटत नाही," असे कोणीतरी सांगितले आणि तो कपाटातच पडून राहिला. मध्यरात्री रिक्षातून दवाखान्यात नेले, तेव्हा शिरेतून दिलेले इंजेक्शनही स्टेरॉइडचेच होते! जे किंचित घ्यायला भ्यालो, तेच मोठ्या मात्रेत घ्यावे लागले.

त्याच घरात दुसरी गोष्ट. लग्नाची बोलणी सुरू झाल्यापासून अक्का वर्षभर चेहऱ्याला एक मलम लावीत होती. दुकानदाराने ते चिठ्ठीशिवाय गोरेपणासाठी दिलेले. आठ दिवसांत चेहरा उजळला. पुढे मुरुम आले, कातडी पातळ होऊन लाल शिरा दिसू लागल्या; मलम थांबवावे तर चेहऱ्याची आग होई. त्वचेच्या डॉक्टरांनी नळीवरची बारीक अक्षरे वाचून दाखविली. त्यातही स्टेरॉइड!

मित्रहो, हे औषध आहे तरी काय? मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथी असतात. त्या रोज कॉर्टिसॉल नावाचा रस रक्तात सोडतात. औषधातील कॉर्टिकोस्टेरॉइड हे त्याचेच भाऊबंद. ते पेशीत शिरते, तेथील ग्राहकाला चिकटून केंद्रकात जाते आणि सूज निर्माण करणाऱ्या जनुकांचे काम मंदावते. म्हणून दम्यात श्वासनलिकांची सूज उतरते, संधिवातात सांधे मोकळे होतात, आणि दुसऱ्याचे मूत्रपिंड बसविलेल्या रोग्याचे शरीर ते झिडकारीत नाही.

१९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका स्त्रीला कॉर्टिसोन दिले आणि काही दिवसांतच ती चालू-फिरू लागली. १९५० साली हेंच, केंडल व राइखस्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पण सूज दाबणारे हे औषध रोगाशी लढण्याची शक्तीही दाबते. जास्त मात्रेत, दीर्घकाळ घेतल्यास रक्तातील साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, चेहरा सुजतो. बाहेरून रस मिळतो म्हणून ग्रंथी आळसावतात. गोळ्या एकदम बंद केल्या तर जिवावरही बेतते. त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळूच कमी कराव्या लागतात.

कोविडच्या साथीने दोन्ही बाजू दाखविल्या. २०२० साली ब्रिटनमधील चाचणीत डेक्सामेथासोन या स्वस्त औषधाने कृत्रिम श्वासयंत्रावरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती, त्यांना मात्र काहीच लाभ झाला नाही. तरी २०२१ साली आपल्याकडे अनेकांनी घरी बसून या गोळ्या खाल्ल्या. काळ्या बुरशीच्या रोगाला मधुमेहाबरोबर स्टेरॉइडचा अतिवापरही कारणीभूत ठरला.

माझ्या मते दोष औषधाचा नाही, आपल्या अर्धवट माहितीचा आहे. फवाऱ्याच्या एका मात्रेत मिलिग्रॅमच्या काही दशांशाएवढेच औषध असते व ते थेट फुप्फुसात जाते. ओढल्यावर चूळ भरली की बरेच काम भागते. त्याची आम्हाला भीती! आणि अनोळखी मलमावर मात्र विश्वास! २०१८ साली सरकारने अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली, पण कायदा दुकानाच्या फळीपर्यंत पोहोचतो कुठे? वेष्टनावरची माहिती इंग्रजीत, घरातली माणसे मराठी आणि कानडी बोलणारी. डॉक्टरांनी रोग्याच्या भाषेत दोन मिनिटे समजावून सांगितले असते, तर आप्पांची ती रात्र टळली असती.

आता आप्पा रोज फवारा ओढतात आणि अक्काचा चेहरा सावकाश निवळतो आहे. घरात येणाऱ्या प्रत्येक औषधाचे वेष्टन वाचून सर्वांना समजावण्याचे काम मी माझ्याकडे घेतले आहे. आपणही आपल्या घरी ते घ्यावे, एवढीच विनंती.