पदक गेले, पोटावर पाय का?

२००६ च्या दोहा आशियाई क्रीडास्पर्धेत तामिळनाडूच्या शांती सौंदराजनने ८०० मीटर शर्यतीत रौप्यपदक मिळविले. लिंगचाचणीनंतर ते काढून घेण्यात आले. पुढे तिच्यावर वीटभट्टीवर राबण्याची वेळ आली. चाचणीचा निकाल चव्हाट्यावर आणणाऱ्यांना जाब कोणी विचारला? हीच शांती नंतर तामिळनाडूत प्रशिक्षक झाली, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

महिलांच्या शर्यतीत कोणी धावावे, हा क्रीडानियमांचा प्रश्न आहे आणि तेथे मुलींवर अन्याय होता कामा नये, हे निर्विवाद. परंतु हाती शिट्टी घेऊन मैदानाकडेला उभ्या राहणाऱ्या प्रशिक्षकाची भाकरी हिरावण्याचे कारण काय? २०१९ च्या कायद्याने तृतीयपंथीयांना नोकरीतील भेदभावापासून संरक्षण दिले. समलिंगी व्यक्तीचा त्यात उल्लेखही नव्हता. २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने समलिंगी माणूस गुन्हेगार उरला नाही, एवढेच. वैरागसारख्या गावात तालीम आणि शाळेचे मैदान हाच क्रीडाविश्वाचा पसारा. तेथील एखाद्या खासगी मंडळाने अशा प्रशिक्षकाला केवळ कुजबुजीवरून काढून टाकले, तर त्याने बार्शीच्या न्यायालयाची पायरी कोणत्या कलमाच्या आधारे चढावी?