‘कराले’ अशुद्ध कसे?

मोहगाव, सौंसर, पांढुर्णा या पट्ट्यातील मराठीवर दोन बाजूंनी दोन आरोप होतात. दक्षिणेकडचे म्हणतात, ‘कराले’, ‘याले’ ही रूपे हिंदीच्या संसर्गाने बिघडली. उत्तरेकडचे म्हणतात, ही मुळात हिंदीचीच बोली. व्याकरणाच्या कसोटीवर यातला एकही आरोप टिकत नाही.

प्रथम रूप पाहा. प्रमाण मराठीत ‘मला, घराला, करायला’. आमच्याकडे ‘मले, घराले, कराले’. नामाला लागणारा प्रत्ययच दोन्हीकडे क्रियेलाही लागतो. हिंदीच्या ‘करने को’मध्ये ‘करना’ आहे. ‘कराले’त त्या ‘ना’चा मागमूसही नाही. मग हिंदीकडून उसने घेतले ते काय?

आता अर्थ पाहा. ‘मी त्याले याले सांगतलं’ ही आज्ञा. ‘तो येते म्हून सांगतलं’ ही वार्ता. क्रियापद एकच, पण त्याला जोडून हेतुवाचक रूप येते की पूर्ण गौणवाक्य, यावर सांगण्याचा अर्थ ठरतो. प्राचीन अथेन्सच्या ग्रीकमध्येही असाच भेद आढळतो. ‘एइपेन’ म्हणजे ‘सांगितले’. त्यापुढे ‘एल्थेइन’ म्हणजे ‘येणे’ हे रूप आले, तर बहुधा आज्ञा. ‘होति’ने म्हणजे ‘की’ने जोडलेले वाक्य आले, तर वार्ता. तिथला हा भेद विद्वान सूक्ष्म म्हणून शिकवतात. मोहगावच्या बाजारात तोच कानी पडला की गावंढळ ठरतो. हा कुठला न्याय?

ग्रियर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाच्या सातव्या खंडाने १९०५ मध्येच वऱ्हाडी आणि नागपुरी या बोली मराठीत गणल्या. १९५६ मध्ये नागपूर मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला. सीमा बदलल्या, ‘कराले’ जागचे हलले नाही.

त्याच १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३५०क आणले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, यासाठी पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न राज्यांनी करावा, असे ते सांगते. पण स्वतःच्या बोलीची लाज वाटून मातृभाषेच्या रकान्यात आपणच हिंदी लिहिली, तर ती सोय मागायची कोणत्या तोंडाने?

म्हणून सीमेपलीकडच्या बांधवांना विनंती एवढीच, की आमच्या ‘कराले’ला हसू नका. आणि इकडच्यांना आग्रह असा, की जनगणनेचा माणूस दारी आला की निःसंकोच सांगा : आमची भाषा मराठी.