कोपऱ्यात कोंडलेली हवा

चुडाव्यात थंडी सुरू झाली की वर्गाच्या खिडक्या पटापट लागतात. मग एक मूल खोकू लागतं, आणि पाहता पाहता त्याच्या आसपासचे बाक रिकामे दिसू लागतात. घरी विचारलं तर दादीचं उत्तर ठरलेलं, "बच्चे कू हवा लगी." आम्हाला वाटतं, हवा लागली नाही, ती कोंडली.

2021 मध्ये आयआयटी मुंबईच्या कृष्णेंदु सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका लहान सार्वजनिक स्वच्छतागृहातली हवा कॉम्प्युटरवर फिरवून पाहिली. यात खोलीचे अगणित बारीक तुकडे पाडतात, प्रत्येक तुकड्यात हवा कुठून येते, कुठे जाते याचं गणित करतात, मग खोकल्यातले सूक्ष्म तुषार त्या हवेत सोडून ते कुठे रेंगाळतात ते पाहतात. कुणालाही आजारी न पाडता आजाराची वाट दिसते! त्यांना आढळलं की एक्झॉस्ट पंखा चालू असूनही काही जागी हवा स्वतःभोवतीच गोल फिरत राहते. अशी जागा दाराजवळ, अगदी खिडकीजवळही असू शकते. म्हणजे खोलीत किती हवा येते एवढंच विचारून भागत नाही, ती कोपऱ्यापर्यंत पोहोचते का हेही पाहावं लागतं.

त्याच संस्थेतल्या अमित अग्रवाल आणि रजनीश भारद्वाज यांनी 2020 मध्ये खोकल्याच्या ढगाचं गणित मांडलं होतं. साध्या सर्जिकल मास्कनं तो ढग सुमारे 7 पट लहान होतो. खोकताना रुमाल किंवा कोपर तोंडावर धरल्यानंही फरक पडतो.

आता आपली घरं पाहा. झरोके विटांनी बुजवलेले, एकच खिडकी, तिच्यापुढे कपाट. छताचा पंखा तीच हवा ढवळतो, बाहेर काढत नाही. मशिदीतला वुजूखाना, शादीखान्याचं जेवणघर, शिकवणीची खोली, सगळीकडे हीच तऱ्हा. टीबीचा जंतू हवेतूनच पसरतो. त्यामुळे दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या, ती मोफत तपासतात. लपवण्यासारखं त्यात काही नाही, लग्नाची मुलगी घरात असली तरीही.

कॉम्प्युटर नसला तरी एक अगरबत्ती पुरते. आम्ही सातवीच्या मुलांना ती कोपऱ्याकोपऱ्यात धरायला लावली. समोरासमोरच्या खिडक्या उघड्या असताना धूर सरळ बाहेर गेला. दाराआडच्या कपाटामागे मात्र तो तसाच घुटमळत राहिला. दुसऱ्या दिवशी मुलांनीच ते कपाट सरकवलं.